समोरच्या पाटीकडे बघा

"तुमचा चष्मा डावीकडे कललाय."

बसथांब्यावर वाऱ्यानं नुसता उच्छाद मांडला होता. एका हातानं स्कार्फ आणि दुसऱ्या हातानं पिशवी सांभाळत मी उभी होते, आणि शेजारून कुणीतरी हे वाक्य टाकलं. अनोळखी पुरुषाला कुठल्या आवाजात उत्तर द्यायचं ते मला चांगलं येतं. मी मानही न वळवता म्हटलं, "असू दे. तुम्हाला काय करायचंय?"

"मलाच तर करायचंय," तो म्हणाला. "तो मीच बनवलाय."

आता मात्र मी वळले. उंच, किंचित वाकून उभा राहणारा, केसांत पांढरट भुकटी, डोळ्यांवर माझ्यापेक्षा जाड काचा. चेहरा काही ओळखीचा वाटेना. पण "द्या जरा" म्हणत त्यानं हात पुढे केला, आणि अंगठ्यावरची ती आडवी पांढरी खूण बघितल्याबरोबर माझी ट्यूब पेटली.

"आतले!" मी जवळजवळ ओरडलेच. "तुम्ही आतले ना?"

हे जरा समजावून सांगायला हवं. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते. बसायची, म्हणजे तेव्हा. दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं काम चालायचं. मधे भिंत, आणि भिंतीत ट्रे जाईल एवढा एक झरोका. मी फ्रेम, नंबर आणि माप ट्रेमध्ये ठेवून आत सरकवायची. दोन हात यायचे, ट्रे घेऊन जायचे. दुसऱ्या दिवशी तेच दोन हात तयार चष्मा बाहेर सरकवायचे. आत यंत्राची घरघर एवढी की बोलायची सोय नाही. आणि तो माणूस सदा तोंडाला मास्क, डोळ्यांना मोठा गॉगल लावलेला. यायचा मागच्या दारानं, जायचाही मागच्या दारानं. मालकीणबाई त्याला 'आतले' म्हणायच्या, म्हणून आम्हीही. नोकरीला लागून त्याला चांगले तीन-चार महिने झाले होते, पण मला त्याचे फक्त हात ठाऊक होते.

मी चष्मा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. लगेच थांबा, रस्ता, तो, सगळं विरघळल्यासारखं झालं. त्या धुक्यात त्यानं चष्म्याची काडी कानामागच्या वळणावर हलकेच दाबली. मग तो चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवायला त्यानं हात उचलला, अर्ध्यावर थांबवला... आणि गुपचूप माझ्या हातात दिला.

"हं. आता?"

"आता दिसताय."

"कसा?"

"वाकलेला," मी म्हटलं. "तुमचीही काडी दाबून घ्या कुणाकडून तरी."

तो हसला. बस आली, मी चढले, आणि दोन थांबे गेल्यावर लक्षात आलं की मीही हसतेच आहे. समोरची बाई माझ्याकडे संशयानं बघत होती.

दुसऱ्याच आठवड्यात आतले तापानं पडला. यंत्र गप्प झालं. गिऱ्हाइकं 'कधी मिळेल' विचारायची, मी 'उद्या' म्हणायची, आणि उद्या पुन्हा 'उद्या' म्हणायची. काहीजण तोंडावर बोलून गेले, काहीजण न बोलता दुसऱ्या दुकानात गेले. शेवटी तो बरा होऊन आला त्या दिवशी मालकीणबाईंनी शटर अर्धं ओढून आम्हाला सगळ्यांना समोर बोलावलं. सगळे म्हणजे तिघे. मी, गालफडं बसलेला आतले, आणि डोळे तपासणारे काका. काका हे बाईंचे सख्खे धाकटे भाऊ, त्यामुळे बाईंसमोर खुर्चीत बसायची मुभा फक्त त्यांना होती.

"एक माणूस आजारी पडला म्हणून दुकान आजारी पडता कामा नये," बाई म्हणाल्या. "उद्यापासून अदलाबदल. सकाळी ही आत जाऊन काच घासायला शिकेल. दुपारी हा बाहेर येऊन गिऱ्हाईक सांभाळायला शिकेल. एकमेकांचं काम डोळे मिटून जमलं पाहिजे."

"चष्म्याच्या दुकानात डोळे मिटून कसं चालेल, ताई?" काका म्हणाले. बाईंनी तिकडे कानाडोळा केला.

"आणि दुसरं. नदीपलीकडच्या गावात मी नवं दुकान घेतलंय. तिथे सुरुवातीला एकच माणूस ठेवणं परवडेल. काका आठवड्यातून एकदा डोळे तपासायला जातील, बाकी सगळं त्या एकानंच बघायचं. तेव्हा ज्याला दोन्ही कामं जास्त चांगली जमतील, तो तिकडे जाईल. दुकानावर राहायला खोली आहे."

खोली! बाई पुढे काय म्हणाल्या ते मला ऐकूच आलं नाही.

मी भावाकडे राहायची. वहिनी वाईट असती तर सगळं सोपं झालं असतं. पण ती अतिशय चांगली. जागाच नव्हती, त्याला ती तरी काय करणार? मी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायची. पाहुणे आले की पांघरूण बगलेत मारून स्वयंपाकघरात जायची. कपडे बदलायचे तर आधी बाहेर कोण आहे ते बघायचं. मला बंगला नको होता, मला फक्त आतून कडी लावता येईल असं एक दार हवं होतं.

आणि ते आता समोर होतं. मधे फक्त हा एक वाकलेला माणूस उभा होता.

सकाळी आत. त्या खोलीला खिडकी नाही. एक पिवळा दिवा, घासणीचं चाक, आणि चाकावर पडणारी पाण्याची बारीक धार. काच दोन्ही हातांत धरायची, चाकाला टेकवायची आणि फ्रेमच्या आकारात फिरवत न्यायची. ऐकायला सोपं वाटतं. माझ्या पहिल्या काचेची कडा कुणीतरी कुरतडल्यासारखी झाली.

"दाबताय कशाला?" यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून तो ओरडला. "तिच्या कलानं घ्या. फक्त सोबत राहायचं."

"काचेबद्दल बोलताय ना?"

"काचेबद्दलच!" मास्कच्या दोऱ्यांखाली त्याचे कान लाल झालेले मला स्पष्ट दिसले.

दुपारी बाहेर. आत वाघ असलेला हा माणूस काउंटरवर आला की मांजर व्हायचा. गिऱ्हाईक दारात दिसलं की फडकं उचलून काउंटर पुसायला लागायचा. मग मीच गिऱ्हाईक झाले. एक भलीमोठी गुलाबी फ्रेम नाकावर चढवली आणि विचारलं, "काय हो, ही मला शोभते का?"

तो बराच वेळ बघत राहिला. "शोभते."

"अहो, जोकर दिसतेय मी! गोड बोलायचं, पण खरं सांगायचं. 'ही छान आहे, पण तुमच्या चेहऱ्याला जरा लहान जास्त खुलेल', असं. म्हणा बघू."

"ही छान आहे. पण तुमच्या चेहऱ्याला..." तो अडला. फडक्याची घडी घातली, मोडली. "नाही हो जमत. तुमच्या चेहऱ्याला काही न लावलेलंच बरं."

काकांना नेमका तेव्हाच खोकल्याची उबळ आली.

"केसांत ही कसली भुकटी गं?" वहिनीनं एकदा विचारलं.

"काचेची. शिकतेय ना."

"बरं बरं. मग झटकायची सोडून आरशात बघत काय बसलीयेस?"

वहिनीपासून काही लपत नाही. पण मी तिला काय सांगणार होते? एक गोष्ट आम्ही दोघं एकमेकांशीही बोलत नव्हतो. मी जितकं मन लावून त्याला शिकवत होते, तितकी ती खोली माझ्यापासून लांब जात होती. आणि तोही काही लपवून ठेवत नव्हता. चाकाचा नुसता आवाज ऐकून काच तडकणार हे कसं ओळखायचं, ते सुद्धा त्यानं मला शिकवलं.

एकदा मी विचारलंच. "तुम्हाला का हवंय नवं दुकान?"

"तिथे यंत्र खिडकीपाशी बसवणार आहेत म्हणे." त्यानं यंत्र बंद केलं. "मी दिवसभर लोकांना दिसावं म्हणून काचा घासतो आणि मला स्वतःला ही भिंत दिसते. बाहेर ऊन आहे की ढग, ते तुम्ही ट्रे सरकवता तेव्हा झरोक्यातून कळतं." मग म्हणाला, "आणि तुम्हाला?"

"दाराला आतून कडी लावायचीय."

हे ऐकून कुणीही हसलं असतं. तो हसला नाही. त्यानं नवी काच उचलून माझ्या हातात दिली. "मग नीट शिका," म्हणाला.

त्या दिवसापासून मला जिंकायची भीती वाटायला लागली. हरायची तर होतीच. जिंकले तर मी नदीपलीकडे, हा इथे. हरले तर हा नदीपलीकडे आणि मी सोफ्यावर. कुठूनही हिशेब मांडला तरी आम्ही दोघं एका गावात येत नव्हतो.

महिन्याभरानं बाईंनी परीक्षा जाहीर केली. "एकमेकांचा चष्मा बनवा. माप घेण्यापासून शेवटचा स्क्रू बसेपर्यंत, सगळं एकट्यानं. दोघांनी तो दिवसभर घालायचा आणि संध्याकाळी कसा वाटला ते मला सांगायचं."

माप घ्यायची पद्धत काकांनी घालून दिलेली होती. गिऱ्हाइकाला हातभर अंतरावर बसवायचं, छोटी पट्टी नाकावर आडवी धरायची आणि दोन बुबुळांमधलं अंतर वाचायचं. काचेचा मध्य त्या अंतरावर बसवतात. तो हुकला तर नंबर बरोबर असूनही डोकं उठतं. माप घेताना गिऱ्हाइकानं आपल्या खांद्यावरून थेट रस्त्यापलीकडे, औषधाच्या दुकानाच्या पाटीकडे बघायचं. 'समोरच्या पाटीकडे बघा' हे वाक्य मी दिवसभर इतक्यांदा म्हणायची की झोपेतही तेच बडबडते, असं वहिनी सांगायची.

आधी त्यानं माझं माप घेतलं. माझ्याच सुरात म्हणाला, "समोरच्या पाटीकडे बघा."

मी बघितलं. अगदी प्रामाणिकपणे सुरुवात केली. पण पाटी तिकडे रस्त्यापलीकडे, आणि हा इथे, एका हाताच्या अंतरावर. मास्क नाही, गॉगल नाही. डाव्या भुवईत भुकटीचा एक कण अडकलेला. पट्टी धरलेली बोटं पाण्यात काम करून गार पडलेली... पाटी कुठच्या कुठे गेली.

मग मी त्याचं घेतलं. "समोरच्या पाटीकडे बघा."

"बघतोय."

तो काही पाटीकडे बघत नव्हता. मला ते दिसत होतं. एरवी मी पोलिसाला नाही सोडत आणि डॉक्टरला नाही सोडत – 'इकडे नाही, तिकडे बघा' म्हणून सगळ्यांना दटावते. त्या दिवशी मूग गिळून बसले. मला ते बघणं आवडत होतं, दुसरं काय? आकडा लिहून घेतला आणि आत पळाले.

चष्मे झाले. सकाळी दोघांनी एकमेकांनी बनवलेले घातले. दुपारपर्यंत माझ्या कपाळात कुणीतरी हातोडीनं ठोकत होतं. संध्याकाळी जिना उतरताना पायरी कुठे आहे तेच कळेना. पण सांगितलं तर तो नापास, त्याची खिडकी गेली. ते माझ्या जिवावर आलं.

"कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"उत्तम," मी म्हटलं.

"झकास," तो कानशील दाबत म्हणाला. "असा चष्मा मी जन्मात घातला नव्हता." हे मात्र शब्दशः खरं होतं.

काका आमच्या दोघांच्या लालभडक डोळ्यांकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांनी हात पुढे केला. "आणा इकडे." एक चष्मा मापाच्या यंत्रावर ठेवून बघितला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. मग स्वतःचा चष्मा काढून सावकाश पुसला.

"ताई, गंमत आहे. काचा दोघांनी सुरेख घासल्यात. पण मधलं अंतर कमी भरलंय. दोन्ही चष्म्यांत."

"म्हणजे दोघांना पट्टी वाचता येत नाही?"

"पट्टी बरोबर वाचलीय. माणूस लांबचं बघतो तेव्हा बुबुळं सरळ असतात. अगदी जवळचं काही बघायला लागला की ती आत वळतात, अंतर कमी होतं." काकांनी चष्मा परत चढवला. "थोडक्यात, ज्याचं माप घेत होते तो पाटीकडे बघतच नव्हता. माप घेणाऱ्याकडे बघत होता. आणि हे दोन्ही वेळा झालंय."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर किती बरं, असं वाटलं. आतले मोठ्या निष्ठेनं काउंटर पुसत होता. बाई हसतील अशी मला आशा होती. त्या हसल्या नाहीत.

"डोकं दुखतंय?"

"हो," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"मग उत्तम काय आणि झकास काय? असा चष्मा घालून एखादं गिऱ्हाईक रस्ता ओलांडायला गेलं असतं तर?" बाईंचा आवाज चढला नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कुणी कुणाकडे बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण माझ्या दुकानात डोळ्यांच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही. दोघंही नापास. शनिवारी पुन्हा परीक्षा. खऱ्या गिऱ्हाइकांवर."

बसथांब्यावर तो आधीच उभा होता. आमचे जुने चष्मे परत डोळ्यांवर आले होते, तरी माझं डोकं ठणकत होतं. त्याला बघून तर जास्तच.

"वेडा आहेस का तू? दिवसभर ते घालून बसलास! बोलायला काय झालं होतं?"

"तू तरी कुठे बोललीस?"

आम्ही दोघांनीही ऐकलं, काय झालं ते. कुणीच 'तुम्ही'वर परत गेलं नाही.

"हे बघ," मी म्हटलं, "मला ती खोली हवीय. फार हवीय. पण तू सोडून दिलीस म्हणून मिळालेली नकोय. रोज रात्री कडी लावताना मला आठवेल की ही कुणीतरी दया म्हणून दिलीय."

"दया नव्हती ती."

"मग काय होतं?"

"मलाही खिडकी तशी नकोय," तो एवढंच म्हणाला.

"मग ठरलं. शनिवारी हातचं राखायचं नाही."

"नाही राखणार."

"आणि हरलास तर रडायचं नाही."

"रडेन. पण आत बसून, यंत्र चालू करून."

मला खुदकन हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. मला हा माणूस हवा होता. अगदी सरळ, साधा, हवाच होता. आणि खोलीही हवी होती. दोन्हींतलं एकही मी खोटं म्हणायला तयार नव्हते.

शनिवारी माझ्या वाट्याला एक न्हावी आले, त्याच्या वाट्याला शाळेतल्या एक शिक्षिका. माझी काच बरी झाली, त्याच्याइतकी नितळ नाही. पण मी त्या न्हाव्यांना विचारलं की दिवसभर चष्मा लावून काय काय करता. ते म्हणाले, मान खाली घालून केस कापतो, आणि चष्मा सारखा घसरतो. हातात कात्री असताना तो वर ढकलायचा कुणी? मी काड्या कानामागे नीट वळवल्या, नाकावरच्या गाद्या जवळ घेतल्या, त्यांना चार वेळा वाकायला लावलं. चष्मा जागचा हलला नाही. जाताना म्हणाले, "पोरी, आधी कुणी विचारलंच नव्हतं."

त्याची काच मात्र बघत राहावी अशी होती. पण शिक्षिकाबाईंनी जाडजूड वजनदार फ्रेम उचलली, 'शोभते ना?' विचारलं, आणि हा म्हणाला, 'शोभते.' संध्याकाळी त्या परत आल्या. नाकावर दोन लाल खड्डे. चष्मा काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगायचं होतं."

बाईंनी मला किल्ली दिली. तो सगळ्यांच्या आधी पुढे आला. "आता खरी मिळाली ना?" म्हणाला. त्याचे डोळे हसत होते. मग तो आत गेला आणि यंत्र सुरू झालं. कुठल्याच चष्म्याचं काम बाकी नव्हतं.

निघायच्या दिवशी मला गाडीत बसवून द्यायला तो आला. माझी पेटी वर चढवली, खिडकीखाली येऊन उभा राहिला.

"मी थांब म्हणणार नाही," तो म्हणाला.

"म्हणालास तरी थांबणार नाही."

"माहीत आहे. म्हणून तर मला..." आणि गाडी सुरू झाली. पुढचं सगळं इंजिनानं खाल्लं. मी मान बाहेर काढून 'काय? काय?' म्हणत राहिले. तो नुसता हात हलवत होता.

खोली छान होती. पहिल्या दिवशी कडी लावली, काढली, पुन्हा लावली. पाय पसरून मधोमध झोपले. आठवडाभर आकाश ठेंगणं झालं होतं. मी माप घ्यायची, मीच आत जाऊन घासायची, मीच बाहेर येऊन चढवायची. गावातले लोक हळूहळू नावाजायला लागले. यंत्र खरोखरच खिडकीपाशी होतं. दुपारी ऊन थेट चाकावरच्या पाण्यात उतरायचं, आणि दर दुपारी मला वाटायचं, हे बघायला जो हवा होता तो तिकडे भिंतीकडे तोंड करून बसलाय.

फोनवर तो बोलण्यात अगदीच कंजूष.

"काच तडकली का एखादी?"

"नाही."

"बरं."

मग "ठेवतो हं." त्या अर्धवट वाक्याचं मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तो 'काही नाही' म्हणाला असता, तर?

एके सकाळी बाईंचा फोन आला. मागे यंत्राची घरघर.

"ऐकतेस ना? एक माणूस आजारी पडला म्हणून दुकान बंद पडता कामा नये, हे तिकडेही लागू आहे. आता तिथे दुसरा माणूस ठेवणं परवडतंय. मी एकजण पाठवतेय. आतलं काम येतं त्याला. बाहेरचं तू शिकव. बोलायला येत नाही धड."

मी विचारलं, "बाई... मग तिकडे काचा कोण घासतंय?"

"मी," बाई म्हणाल्या. "गेले दोन महिने शिकतेय. मागेच लागला होता माझ्या – बाई, तुम्हालाही आलं पाहिजे, मालकाला सगळं आलं पाहिजे. सकाळी लवकर बोलावून शिकवायचा. मी म्हटलं, एवढी कसली रे घाई तुला? तर काउंटर पुसायला लागला." यंत्र क्षणभर थांबलं. "कडा अजून वाकड्या येतात माझ्या. पण चालतंय. तू फोन ठेव आता, काच हातात आहे."

सोमवारी तो दारात उभा राहिला. पायाशी बॅग, केस विंचरलेले, भुकटीचा मागमूस नाही. मी काउंटरमागे होते. पळत जावंसं वाटत होतं.

"शिकायला आलायस?" मी विचारलं.

"दुकान तुझं," तो म्हणाला. "खोलीही तुझी. मी मागच्या गल्लीत जागा बघितलीय. हे आधीच सांगतो, म्हणजे घोटाळा नको." त्यानं बॅग दाराच्या आत सरकवली. "मी त्या खिडकीपाशी बसेन, घासत. पण शिकायला नाही आलो. बोलायला आलोय. गाडीत पाठ करत आलो, आणि आता..."

तेवढ्यात दार ढकलून एक आजोबा आत आले. हातात काठी, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. "दुकान उघडं आहे ना, बाळ?"

दिवसभर बोलण्यावर पोट भरणारी मी. माझ्या तोंडून अक्षर फुटेना. तो फडकं शोधेल, असं मला वाटलं. त्यानं शोधलं नाही. वळला, खुर्ची पुढे केली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "उघडं आहे, आजोबा. बसा. फक्त यांना आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. दोन मिनिटं चालेल?"

"सावकाश होऊ दे," आजोबा टेकत म्हणाले. "मला कुठे घाई आहे?"

तो माझ्याकडे वळला. कान लाल, पण नजर सरळ. "मला तू फार आवडतेस. तू नसलीस की माझं कशात लक्ष लागत नाही. लग्न करशील माझ्याशी?"

आजोबा काठीवर हनुवटी टेकून वाट बघत होते.

"हो," मी म्हटलं.

"जरा मोठ्यानं सांग, बाळ," आजोबा म्हणाले. "मला ऐकूही कमी येतं."

मग मी मोठ्यानं सांगितलं.